गूळ चवीप्रमाणे

आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, रामीबाई गेली सव्वीस वर्षं फळं विकते. पोळ्यानंतर सीताफळं, दिवाळीपासून जांब म्हणजे पेरू, संक्रांतीच्या आगेमागे बोरं आणि मग महाशिवरात्रीपर्यंत कवठं. उन्हाळ्यात ती येत नाही. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. येत्या मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त होईन. जाण्याआधी तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण लिहायला बसलो की दरवेळी एकाच जागी अडायचो. आज ती जागाही लिहिणार आहे.

रामीबाईचं माहेर उमरखेडकडच्या एका बंजारा तांड्यावरचं आणि सासर आमच्या पांढरकवड्याहून सहा किलोमीटर आतल्या तांड्यावर. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलुखभर हिंडायचे. "आमी लोक पहिल्यापासून दुसऱ्याचंच वाहून राह्यलो, बाबूजी," असं म्हणत ती डोक्यावरचं टोपलं उतरवायची. लग्न होऊन आली तेव्हा अंगावर आरशांचा घागरा आणि चोळी होती. आता साडी नेसते. शाळेत ती गेली नाही, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. कोणत्या वर्षी कोणता मुलगा कोणत्या वर्गात होता, हे मला रजिस्टर काढून पाहावं लागतं. ती टोपल्यामागून बसल्या बसल्या सांगते.

विकण्याची तिची पद्धत ठरलेली आहे. कवठ मागितलं की ती ते वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडते. उसळलं तर कच्चं, ते परत टोपल्यात जातं. धप्पकन बसलं तर पिकलेलं.

"मावशी, फुटलं तर?" एकदा एका मुलीने विचारलं.

"फुटलं त मी खाईन. तू कायले भेतं?"

फळं दाबून पाहणाऱ्यांचा तिला फार राग. एकदा आमचे प्राचार्यच चार पेरू हातात घेऊन एकेक दाबत उभे होते. रामीबाई म्हणाली, "सर, पोरगी पाहाले आलते का? एकदा पाह्यलं ना, मंग पसंत करा!" प्राचार्यांनी चारही पेरू घेतले.

तिचा नवरा पूनमसिंग. तीस वर्षं त्याने नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. आदिलाबादच्या पुढे एका टपरीवर पहाटे गाडी थांबवायची, चहा घ्यायचा आणि चहाबरोबर जाम लावलेली डबलरोटी खायची, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. पाच वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. ट्रक सुटला, चहातली साखर सुटली आणि जामही सुटला. साखरेबद्दल त्याने तक्रार केली नाही. जाम मात्र त्याच्या मनातून जाईना.

"मानूस भाकर खाते, भाजी खाते," रामीबाई मला सांगायची, "पन तोंड असं करून बसते, जशी मीच मेली."

घरी ही दोघंच होती. मुलगा बादल मुकुटबनला मालवाहू गाडी चालवायचा आणि बायकोला, राखीला, घेऊन तिकडेच राहायचा. बादल आमच्याच कॉलेजचा विद्यार्थी. त्याचे शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्याच टेबलावरून गेलेले.

गेल्या नोव्हेंबरात, दुपारच्या सुट्टीत, रामीबाई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबूजी, तुमच्या मोबाईलात कमी साखरेचा जाम असते का?"

"असेल की. कशाला?"

"आमच्या ड्रायव्हरसाठी. आनं माहे जांब बी वाया जाऊन राह्यले. दुपारनंतर मऊ पडलेले कोनी घेत नाई."

मी शोधलं, दोन-तीन ठिकाणचं वाचून पडताळलं आणि एका कोऱ्या कागदावर आकडे घालून लिहून दिलं. एक किलो पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यात शिजवायचे. पुरणाच्या चाळणीतून गाळून बिया काढायच्या. गर स्टीलच्या पातेल्यात घ्यायचा, जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या नाही. दोन लिंबांचा रस घालायचा. साखर शंभर ग्रॅम. मंद आचेवर आटवायचा, ताटलीवर टाकलेला थेंब पसरला नाही की झाला. बाटल्या उकळून उन्हात वाळवलेल्या असाव्यात. साखर कमी म्हणून हा जाम टिकत नाही; फ्रिजमध्ये ठेवावा आणि पंधरा दिवसांत संपवावा. मी तो कागद तिला दोनदा वाचून दाखवला. तिला तो पहिल्याच वाचनात पाठ झाला होता. तरी तिने तो घडी घालून बटव्यात ठेवला.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

तिने पहिला जाम केला. घरी फ्रिज नव्हता म्हणून बाटली फळीवर ठेवली. सहाव्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. पूनमसिंगला तर तो आधीपासूनच आवडला नव्हता. "याले जाम म्हनते का? ही त जांबाची भाजी झाली," असं म्हणून त्याने बाटली तिच्याकडे सरकवली होती. रामीबाई हरणारी नव्हे. तांड्यावरच्या चंदाबाईचं किराणा दुकान आहे, तिच्या फ्रिजमध्ये एका बाटलीची जागा तिने मागून घेतली. राहिला चवीचा प्रश्न. तो घेऊन ती पुन्हा माझ्याकडे आली.

शिष्यवृत्तीचे अर्ज घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. खिडकीबाहेर फाटकापर्यंत रांग होती. रामीबाई त्या रांगेत मुलांच्या मागे उभी राहिली आणि आपला नंबर आल्यावर खिडकीतून वाकून म्हणाली, "बाबूजी, साखर नाई टाकली आनं गूळ टाकला त?"

मी अर्जाला टाचणी लावत होतो.

"साखर कारखान्याची," ती म्हणाली, "गूळ देवाचा. सेवाभायाच्या भोगाले आमी कदी साखर लावतो का? गूळ आनं तूप, बस."

सेवाभाया हे त्यांच्या समाजाचे संत आणि भोग म्हणजे त्यांचा नैवेद्य; तिचं म्हणणं मला समजत होतं. तांड्यावर मी बऱ्याचदा जेवलो आहे. तिथे गोड वर्ज्य म्हणजे साखर वर्ज्य. गूळ हा त्यांच्या लेखी गोडात धरलेलाच नाही. तो भोगाचा, बाळंतिणीचा, थकून आलेल्या माणसाच्या हातावर ठेवायचा पदार्थ. शुगर झालेली तांड्यावरची कितीतरी माणसं साखरेचा चहा सोडून गुळाचा पितात आणि आपण पथ्य पाळतो असं मनापासून समजतात.

मला मात्र माहीत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये माझी स्वतःची शुगर वाढलेली निघाली होती आणि माझ्या डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "साखर, गूळ, मध, तिन्ही सारखेच. नाव बदललं म्हणून रक्त फसत नाही." तेव्हापासून मी घरी गुळाचा खडा तोंडात टाकला नव्हता.

मागे टेलिफोन वाजत होता. रांगेतली मुलं पुढे सरकण्यासाठी एकमेकांना ढकलत होती. मी म्हणालो, "चालेल."

तिने बटव्यातला कागद काढून पुढे केला. "मंग लिहून द्या ना यावर."

मी 'साखर शंभर ग्रॅम' वर रेघ मारली, वर लिहिलं 'गूळ चवीप्रमाणे', आणि खाडाखोड केली म्हणून शेजारी आद्याक्षरी केली. कार्यालयात खाडाखोडीवर सही केल्याशिवाय मी कधी कागद पुढे जाऊ दिलेला नाही. हे सगळं करायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. 'गूळसुद्धा साखरच, रामीबाई' एवढं म्हणायला त्याहून कमी वेळ लागला असता.

चार दिवसांनी ती एक बाटली घेऊन आली. "पयली बाटली तुमाले. तुमी सांगतलं म्हनून झाला."

जाम सुरेख झाला होता. तांबूस, दाट, चमकदार. घरी पोळीच्या तुकड्याला लावून मी जिभेवर ठेवला आणि मला लगेच कळलं. किलोला अर्धा किलो तरी गूळ होता. मी बाटलीचं झाकण लावलं आणि ती फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवली.

माझी बायको सत्यशीला पाहत होती. "का हो? नाही आवडला?"

"गूळ आहे त्यात. मला चालणार नाही."

"अन् तिच्या नवऱ्याला चालेल?"

मी फ्रिजचं दार लावलं.

"तिला सांगितलं का?"

"सांगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाची बैठक होती. तिसऱ्या दिवशी रविवार. त्यानंतर सांगायचं म्हणजे आधी का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि दिवस जातील तसं ते अवघड होत गेलं. रामीबाई रोज फाटकाशी दिसायची. मीच विचारायचो, "काय म्हणतात ड्रायव्हर?"

"खूश हाय, बाबूजी! रोज सकाळी दोन डबलरोट्या. काल त गानं म्हनून राह्यले."

डिसेंबरच्या अखेरीला ती सहज म्हणाली, "आता गोळ्या बी सोडल्या त्याहीनं. म्हनते, जाम बिनसाखरेचा, चहा बिनसाखरेचा, मंग गोळी कायले?"

मी थांबलो. म्हणालो, "गोळ्या बंद करायच्या नाहीत हं, रामीबाई. त्यांना म्हणावं, बाबूजींनी सांगितलंय."

हे अर्धं सांगितलं आणि गुळाचं सांगितलं नाही. कार्यालयात शिरताना मला थोडं बरंही वाटलं होतं, आपण तिला सावध केलं म्हणून. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

जानेवारीत पूनमसिंगच्या चपलेचा खिळा वर आला. शुगरमुळे पायाला जाणीव कमी झालेली, त्याला तो टोचलेला कळलाच नाही. दिवसभर तो तसाच शेतावर हिंडला. चार दिवसांनी रामीबाईला थंडीसाठी घातलेला मोजा रक्ताने चिकटलेला दिसला. आठवड्यात पाय सुजला आणि काळा पडू लागला. बादल मुकुटबनहून गाडी घेऊन आला आणि बापाला यवतमाळला नेलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी कामासाठी यवतमाळला गेलो होतो, तिथून दवाखान्यात गेलो. पूनमसिंग ग्लानीत होता. रामीबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. बादल आणि राखी उशाशी उभे. डॉक्टर आले, तरुण होते, दिवसभराच्या कामाने दमलेले दिसत होते. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "यांना खायला काय देत होता?"

रामीबाईने सगळं सांगितलं. ज्वारीची भाकर, डाळ, भाजी. आणि जाम. तो बिनसाखरेचा आहे हे तिने दोनदा सांगितलं. पिशवीतून बाटलीही काढली. नवऱ्याला दवाखान्यात बरं वाटावं म्हणून ती सोबत घेऊन आली होती. डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला.

"यात गूळ आहे."

"हाव, गूळच हाय. साखर नाई."

"बाई, गूळ म्हणजे साखरच! दोन महिने रोज तुम्ही यांना साखर चारत होता. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली पाहून म्हणाली, "कोनी नाई. मनानंच केला."

बादलने तिच्या हातातून बाटली घेतली आणि बाहेर गेला. काच फुटल्याचा आवाज आला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर अजून तिथेच होते, बादल परत येत होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "माझी बस आहे. काही लागलं तर कळवा." रामीबाई म्हणाली, "हाव, बाबूजी. तुमी आले, बरं वाटलं."

घरी सत्यशीलाने ताट वाढलं आणि विचारलं, "बोललात का?"

"नाही."

ती समोरून उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली बाटली नव्हती. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रामीबाई पुन्हा फाटकाशी दिसली. टोपल्यात कवठं होती, पण ती कुणाला हाक मारत नव्हती. मी जवळ गेलो. पूनमसिंग घरी आला होता. बादल आणि राखी मुकुटबनचं बिऱ्हाड मोडून तांड्यावर राहायला आली होती. बादलने फ्रिजही आणला होता.

"मग चांगलं झालं की," मी म्हणालो.

"चांगलंच झालं." ती कवठं एका रांगेत लावत राहिली. मग म्हणाली, "पन बादलच्या बाले माया हातचं देत नाई आता. पोरगं म्हनते, याडी, तू चुलीजवळ नको जाऊ." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, बा म्हणजे बाप. "काल मी दोन घास भाकर दुधात चुरून नेली. राखीनं ताट घेतलं माया हातातून. वाईट नाई बोलली काई, पन घेतलं. मंग मी बाहेर येऊन बसली. चाळीस वर्स मायाच हातचं खाल्लं त्या मानसानं, बाबूजी. ट्रकवर राहे त डबा मायाच राहे. आता सेवाभायाची जयंती येऊन राह्यली. भोगाची लापशी बी राखीच करन."

यावर मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "रामीबाई, तो कागद आहे का अजून?"

"नाई. जाळला मी. दवाखान्यातून आली त्याच दिवशी चुलीत टाकला. बादल वाचते ना. तुमचं नाव निघालं असतं."

मला हायसं वाटलं. या साऱ्या प्रकरणात लिहायला सगळ्यात जड हेच आहे. आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली; क्रम उलटा नव्हता.

"पण तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमाले कुठं ठाव होतं बिचाऱ्याले? तुमी कॉलेजचे कागद पाहाचे का गूळ पाहाचा? ज्याले ठाव नाई, त्याचं नाव कायले घ्याचं?"

तिचा असा समज होता. मी चुकलो कारण मला माहीत नव्हतं, असं मानून ती माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन घराबाहेर बसली होती.

बादलचा फोन दोन दिवसांनी आला. पंधरा फेब्रुवारीला जयंती आहे, सर, घरी जेवायला या. मी हो म्हणालो. सत्यशीलाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "न बोलता परत येणार असाल तर जाऊ नका."

तांड्यावर पांढरे झेंडे लागले होते, ढोल वाजत होता. म्हाताऱ्या बायकांनी पेट्यांतून घागरे काढले होते. बादलच्या अंगणात खाटेवर पूनमसिंग पाय पसरून बसला होता, पायाला पांढरी पट्टी. राखी चुलीवर लापशीचा रवा भाजत होती. रामीबाई अंगणाच्या कडेला भिंतीशी बसून लसूण सोलत होती. तिने घागरा घातला नव्हता.

"या, साहेब!" पूनमसिंग ओरडला. "पाहा, गाडीचे दोन चाकं काढले माये. आता रिव्हर्सच नाई लागत."

सगळे हसले. मी खाटेच्या काठावर बसलो. बादलने पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. म्हणालो, "बादल, जामात गूळ घाला असं तुझ्या आईला मी सांगितलं होतं."

बादल हसला. "सर, तुमी आईले वाचवून राह्यले."

"नाही रे. मी कागदावर लिहून दिलं होतं. साखर खोडून गूळ लिहिलं, चवीप्रमाणे."

"सर, आख्ख्या कॉलेजात तुमच्या हातची चूक कोनी पाह्यली नाई. माया फॉर्मवर एक मात्रा चुकली होती त तुमी तीन वेळा परत पाठवला. तुमी असं सांगसान?" त्याने आईकडे पाहिलं. "याडी, सरांनं सांगतलं होतं का?"

रामीबाईने लसणाची पाकळी सुपात टाकली. "नाई. मनानंच केला मी."

"पाह्यलं?" बादल म्हणाला. "सर, तुमचं मन मोठं हाय. पन हे राहू द्या."

माझ्याजवळ पुरावा नव्हता. कागद जळला होता. आयुष्यभर कागद नीट ठेवून कमावलेलं नाव त्या अंगणात माझ्याच आड येत होतं. मग जे मी कुणालाच सांगणार नव्हतो, ते सांगितलं.

"बादल, तुझ्या आईने पहिली बाटली मला दिली होती. मी घरी चव घेतली. गोड लागली. मला स्वतःला शुगर आहे, डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं की गूळ आणि साखर एकच. म्हणून मी ती बाटली खाल्ली नाही. फ्रिजमध्ये मागे ठेवून दिली. आणि तुझ्या आईला सांगितलं नाही. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही. गोळ्या बंद केल्या असं ती म्हणाली तेव्हाही नाही. दवाखान्यात मी तिथेच उभा होतो, तेव्हाही नाही."

आता बादल हसला नाही. चांगुलपणा दाखवायला कुणी असलं काही रचून सांगत नाही, हे त्याला कळलं असावं. राखीचा हात कढईत थांबला. रवा करपल्याचा वास आला तेव्हा तिने कढई खाली उतरवली.

"तुमी नाई खाल्ला," बादल म्हणाला.

"नाही."

"आनं बाले खाऊ देल्ला."

"हो."

बादल उभा राहिला. त्याची मूठ वळलेली मला दिसली. पूनमसिंग मध्ये बोलला, "बस रे. मले बी त गोड लागे ना. मी कोनाले सांगतलं? मले वाटे, म्हातारपनी हिचा हातच गोड झाला." कुणी हसलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "गोळ्या मीच सोडल्या, यानं नाई सोडवल्या." तो मला सोडवू पाहत होता. पण त्याच्या हट्टाचा हिशेब त्याचा. माझा त्याने कमी होत नव्हता.

मी रामीबाईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर सूप तसंच होतं. इतके दिवस तिने मला अजाण समजून झाकलं होतं. आता तिला कळलं होतं.

"तुमाले ठाव होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मंग तवा काहून नाई बोलले?"

मी उत्तर शोधलं. रांग होती, फोन वाजत होता, बैठक होती, हे सगळं मनात आलं आणि यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "मला नाही सांगता येत, रामीबाई."

तिने सोललेला लसूण सुपात एका बाजूला केला. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि घरात गेली. ढोल जवळ आला होता.

राखी चुलीपाशी उभी होती. तिने करपलेला रवा बाजूला काढला, कढई घासली, पुन्हा चुलीवर ठेवली आणि घराच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "याडी, माया हातून करपला. तुमीच या."

थोड्या वेळाने रामीबाई बाहेर आली ती घागरा नेसून. आरसे उन्हात चमकत होते. ती चुलीपाशी बसली, तूप घातलं, रवा घातला आणि भाजू लागली. बादलने गुळाची ढेप आणून तिच्याजवळ ठेवली. "बाले किती द्याचं," तो म्हणाला, "ते तू पाह्य."

"पाह्यतो," ती म्हणाली.

भोग झाला. निखाऱ्यांवर तूप आणि लापशी पडली, धूर झाला, सगळ्यांनी हात जोडले. मग रामीबाईने बोराएवढी लापशी दोन बोटांत घेऊन पूनमसिंगच्या तोंडात घातली. त्याने तोंड पुन्हा उघडलं. "बंद कर," ती म्हणाली. "एवढंच." आणि भाकरीचा कुटका डाळीत बुडवून त्याच्या हातात दिला. तो चावत राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

मी जाण्यासाठी उठलो होतो. बादलने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. राखीने पंगतीत ताट मांडलं आणि मी बसलो. वाढणारीने इतरांप्रमाणे माझ्याही ताटात लापशीचा मोठा डाव टाकला. रामीबाई मागून आली. खाली वाकून तिने माझ्या ताटातली लापशी डावाने परत काढून घेतली आणि प्रसादापुरती चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली.

"तुमाले बी शुगर हाय ना, बाबूजी," ती म्हणाली. "गूळ हाय याच्यात."

मग तिने माझ्या ताटात भाकर वाढली, वर डाळ घातली, आणि पुढच्या माणसाकडे गेली.